थंड पाण्यात कयाक: वल्हं, पायडल की मोटर?

प्रश्न थोडक्यात असा: "मी मूळचा शहाद्याचा, नोकरीसाठी नॉर्वेत बर्गनजवळ राहतो. कयाक घ्यायची आहे. दुकानदार म्हणतो पायडलची घ्या, हात मोकळे राहतात. ऑफिसातला मित्र म्हणतो साधी घे आणि विजेची मोटर लावून टाक. इथल्या क्लबातली मंडळी वल्ह्याशिवाय दुसरं काही ऐकूनच घेत नाहीत. माझा उजवा खांदा अधूनमधून दुखतो. पोहता चांगलं येतं, विहिरीत शिकलोय. उन्हाळ्यात वडील येणार आहेत, त्यांनाही न्यायचा विचार आहे. इथल्या थंड पाण्यासाठी यातलं काय बरं?"

आधी निकाल सांगून टाकतो. फियॉर्डमध्ये, म्हणजे डोंगरांमधून आत शिरलेल्या समुद्राच्या अरुंद खाडीत, फिरायचं असेल तर बंद डेकची (वरून झाकलेली, बसायला तेवढं भोक असलेली), वल्ह्याची सी-कयाक घे, म्हणजे समुद्रात चालवायची लांब, अरुंद कयाक. पायडलची कयाक मासेमारीची हौस असेल तर, आणि तीही काठ धरून. मोटर वल्ह्याच्या जोडीला चालेल, वल्ह्याच्या जागी नाही. एवढं सांगून दुकानदार गप्प बसणार नाही, म्हणून कारणं लिहितो. मी बरीच वर्षं नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर गाइडचं काम केलं आणि आता शहाद्याजवळ तापीवरच्या प्रकाशा बॅरेजच्या फुगवट्यावर पोरांना शिकवतो, त्यामुळे तुझ्या दोन्ही गावांचं पाणी अंगाखालून गेलेलं आहे. दुकानात वेग किती, पल्ला किती, हात मोकळे राहतात का, असे जे प्रश्न विचारले जातात ते सगळे कयाक सरळ तरंगत असतानाचे असतात. थंड पाण्यासाठी माझा पहिला प्रश्न वेगळा असतो: ती उलटली, किंवा तिला ढकलणारं जे काही आहे ते बंद पडलं, तर पुढच्या दहा मिनिटांत तू काय करू शकशील?

"विहिरीत शिकलोय" हे तू मोठ्या भरवशानं लिहिलं आहेस, म्हणून तिथूनच सुरुवात करू. आपल्या खान्देशातल्या माणसाला थंड हवा माहीत आहे, थंड पाणी माहीत नाही. धुळ्यात पारा सहा-सातवर येतो तेव्हा आपण दारात शेकोटी पेटवतो, पण त्याच सकाळी विहिरीच्या पाण्यावरून वाफ निघत असते. जमिनीखालचं पाणी हिवाळा-उन्हाळा फारसं बदलत नाही; पौषात उडी मारली तर उलट ऊबच लागते. तापीच्या फुगवट्याचंही तेच. एवढा मोठा साठा एका रात्रीच्या गारठ्यानं उतरत नाही. पहाटे कानटोपी घालून काठावर कुडकुडणारा भोई जाळं काढायला पाण्यात उतरला की सुखावतो. पाठीला भोपळा बांधून पोहायला शिकलेल्या माणसाला दम टिकवायचा कसा हे येतं, पण छाती एकदम आवळली गेली तर काय करायचं हे त्याच्या अंगाला कधी कळलेलंच नसतं.

बर्गनच्या बाजूला समुद्र फेब्रुवारी-मार्चमध्ये ५-६ अंशांवर असतो आणि भर ऑगस्टात १५-१६ च्या घरात. तू म्हणशील, ऑगस्टात तर ठीकच झालं. तसं नाही. थंड पाण्याचा पहिला झटका १० ते १५ अंशांच्या पाण्यातच जवळपास पूर्ण जोराचा असतो. आणखी थंड पाण्यात तो फार वाढतो असंही नाही. पाण्यात पडताक्षणी तोंडातून एक मोठा श्वास आपोआप आत ओढला जातो, तो तुझ्या हातात नसतो. त्या वेळी डोकं पाण्याखाली असेल तर हवेऐवजी पाणी आत जातं. पुढे मिनिटभर धाप लागते, नाडी आणि रक्तदाब एकदम चढतात. कॅनडाच्या मॅनिटोबा विद्यापीठातले गॉर्डन गीस्ब्रेख्ट यांनी बर्फाळ पाण्यासाठी १-१०-१ असा हिशेब रूढ केला: श्वास ताब्यात आणायला १ मिनिट, हातापायांची कामाची हालचाल शिल्लक असते ती १० मिनिटं, आणि गारठून शुद्ध हरपायला साधारण १ तास. पाणी थोडं कमी थंड असेल तर हे आकडे सैल होतात, क्रम तोच राहतो. लोक घाबरतात त्या शेवटच्या तासाला. माणसं जातात ती बहुतेक पहिल्या मिनिटात आणि मधल्या दहा मिनिटांत, म्हणजे पोहणाऱ्याचे हात चालेनासे होतात तेव्हा.

ते मधले दहा मिनिटं म्हणजे काय हे शब्दांनी पटत नाही, म्हणून आमच्याकडे मी एक करून दाखवतो. शहाद्याहून बर्फाची लादी आणायची, घमेल्यात फोडून पाणी ओतायचं आणि पोराला दोन-तीन मिनिटं मनगटापर्यंत हात आत ठेवायला सांगायचं. मग हात पुसायचा नाही, तसाच बाहेर काढून लाइफ जॅकेटचं बक्कल लाव म्हणायचं. बक्कल दिसत असतं, बोटंही दिसत असतात, पण बोटं हुकूम मानत नाहीत. अंगठा आणि तर्जनी एकमेकांना भेटत नाहीत, मग पोरगं दोन्ही तळहातांनी बक्कल दाबायला लागतं, मग दातांनी. शेजारचे हसतात, मग त्यांची पाळी येते. हे फक्त हातांचं झालं, बाकीचं शरीर प्रकाशाच्या उन्हात उबदार बसलेलं असताना. घरी करून बघ, पाच मिनिटांचं काम आहे आणि दुकानदाराच्या तासाभराच्या भाषणापेक्षा जास्त शिकवतं. (हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यानं करू नये. वडिलांना तर मुळीच करायला लावू नकोस.)

आता वल्ह्याकडे येतो. दुकानदार वल्हं, पायडल आणि मोटर एका रांगेत ठेवतो, जणू तिघांचं काम एकच: पुढे ढकलणं. पायडल आणि मोटरचं काम खरोखर तेवढंच आहे. वल्हं ढकलतं, वळवतं, थांबवतं, मागे नेतं, आणि लाट बाजूनं आली की पाण्यावर पातं आडवं टेकवून तुला सावरतं. हा टेका, ज्याला सगळे ब्रेस म्हणतात, सरावानं इतका अंगात भिनतो की विचार करण्याआधी हात गेलेला असतो. उलटल्यावर रोल मारून वर येता येतं तेही वल्ह्यामुळेच, आणि रोल जमत नसेल तर वल्ह्याच्या टोकाला फ्लोट, म्हणजे हवा भरलेली पिशवी, लावून त्याच्या आधारानं परत आत चढता येतं. थंड पाण्यात न पडणं आणि पडल्यावर मिनिटाच्या आत बाहेर येणं, हीच खरी सुरक्षा. दुसऱ्या कुठल्याही साधनात ही दोन्ही कामं येत नाहीत.

ग्रीनलंडच्या इन्युइट शिकाऱ्यांनी सीलच्या कातड्याची कयाक आणि लांब, अरुंद पात्याचं वल्हं बनवलं ते याच गरजेतून. त्यांचा टुइलिक नावाचा डोक्यासकट अंगरखा नावेच्या तोंडाला घट्ट बांधला जाई, म्हणजे उलटलं तरी आत पाणी नाही आणि नावेतून बाहेर पडण्याचा प्रश्न नाही. त्या लोकांकडे उलटल्यावर वर येण्याच्या इतक्या तऱ्हा आहेत, हात अडकला असता, वल्हं हरवलं असता, हातात नुसता भाला फेकायचा दांडा असता, की तिथल्या स्पर्धांमध्ये आजही एकेक तऱ्हा करून दाखवावी लागते. बर्फाच्या पाण्यात पोहणं हा पर्याय त्यांनी कधी धरलाच नाही.

पण हातात वल्हं आहे म्हणजे वाचलो, असंही समजू नकोस. गिनो वॉटकिन्स हा इंग्रज संशोधक ग्रीनलंडवाल्यांकडूनच कयाक शिकला होता, रोलमध्ये तरबेज होता. २० ऑगस्ट १९३२ ला तो एकटा शिकारीला गेला आणि त्याची कयाक रिकामी तरंगताना सापडली. वय २५. आणि २२ मार्च १९९३ ला इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लाइम बेमध्ये शाळेची आठ मुलं, एक शिक्षक आणि दोन प्रशिक्षक कयाकनी निघाले. वारा जमिनीकडून समुद्राकडे, कयाकना स्प्रे-डेक (बसायचं भोक कमरेभोवती झाकणारं कापड) नाहीत, एकेक करत उलटत गेल्या. चार मुलं थंडीनं गेली. त्यानंतर १९९५ मध्ये ब्रिटनमध्ये अशा केंद्रांना परवाना सक्तीचा करणारा कायदा झाला. दोन्हीकडे वल्हं होतं. पहिल्याकडे सोबत नव्हती, दुसऱ्यांकडे साधनं आणि सराव नव्हता.

आता उष्णतेचा हिशेब, कारण मोटरचा सगळा मामला इथे आहे. नुसता बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो. तास-दोन तास टिकेल अशा बेतानं वल्हवणारा माणूस ७५ ते १०० वॅट काम करतो, पण आपले स्नायू खाल्लेल्यातला जेमतेम २० ते २५ टक्के भाग कामात घालतात, बाकीची उष्णता होते. म्हणजे १०० वॅट कामामागे अंगात ३००-४०० वॅट तयार होतात. वल्हवणारा माणूस पोटात शेगडी घेऊन बसलेला असतो. मोटर सुरू केलीस की ती शेगडी विझली. ५ अंश हवेत, ओल्या वाऱ्यात तासभर नुसतं बसून कयाक चालवलीस की तू किनाऱ्याला लागशील तेव्हा बोटं त्या घमेल्यातल्यासारखी झालेली असतील, आणि तोवर पाण्यात पडलेला नसशील तरी. मी असे पाहुणे बघितले आहेत. वल्हवत आलेले लोक जॅकेट उघडून घाम पुसताहेत आणि मोटरवाला गृहस्थ थर्मासचं झाकण उघडायला दुसऱ्याला सांगतोय.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. वल्हवून घामाघूम झालास आणि मग थांबलास, तर घामाचं कापड अंगाला चिकटून तेच पुन्हा गारठा देतं. म्हणून आतून सुती काही घालायचं नाही, लोकर किंवा सिंथेटिक. आणि वल्ह्यावरून पाणी ओघळून हातांवर येतं, हा पायडलवाल्यांचा आक्षेप खरा आहे. त्यावर उपाय पोगी: वल्ह्याच्या दांड्यावर बसणारी निओप्रीनची पिशवी, आत हात घालून वल्हं थेट मुठीत धरता येतं. साध्या हातमोज्यात पकड जाते, पोगीत जात नाही. माझ्या मते थंडीसाठीच्या छोट्या वस्तूंत यापेक्षा चांगला सौदा नाही.

पायडलच्या कयाकबद्दल माझं मत क्लबवाल्यांइतकं कडवट नाही. होबी कंपनीनं १९९७ मध्ये मिराज ड्राइव्ह आणलं, पायानं दोन पंख पाण्याखाली डावी-उजवीकडे हलवायची तऱ्हा, आणि तेव्हापासून मासे धरणाऱ्यांची दुनियाच बदलली. पायांचे स्नायू हातांपेक्षा मोठे. तोंडावरच्या वाऱ्यात पायडलवाला तासन्‌तास एका लयीत जात राहतो, खांदा दुखत नाही, हातात गळ किंवा दुर्बीण धरता येते. उष्णताही तयार होतेच, कारण काम अंगच करतंय. हातनूर धरणावर पक्षी बघायला कुणी पायडलची कयाक आणली तर मी तिला नावं ठेवणार नाही. हिवाळ्यात तिथे बदकं उतरतात तेव्हा दोन्ही हात मोकळे असणं ही मोठीच चैन आहे.

अडचण सगळी तिच्या घडणीत आहे. पायडल मारायला उंच बसावं लागतं, उंच बसायचं तर रुंदी हवी, म्हणून या कयाक ८५-९० सेंटिमीटर रुंद आणि सगळ्या सामानासह ४०-५० किलो. सी-कयाक ५५-६० सेंटिमीटर आणि पंचवीस किलोच्या आसपास. रुंद कयाक सहजी उलटत नाही, हे खरं. पण एकदा उलटली की ती उलटीसुद्धा तितकीच स्थिर असते. तू पाण्यात, हात बधिर होत चाललेले, आणि तुला ते पालथं पडलेलं धूड पलटवून सरळ करायचंय, वर चढताना खालून निघालेल्या पंखांवर किंवा, काही कयाकना असतो त्या, फिरत्या पंख्यावर मांडी आपटू द्यायची नाही. प्रकाशात उन्हाळ्यात आम्ही हे हसतखेळत करतो. मार्चमधल्या फियॉर्डमध्ये दुसऱ्या प्रयत्नापर्यंत हातांत जोर उरेल याची खात्री मी देणार नाही. शिवाय या कयाक बहुतेक उघड्या असतात. मांड्या-पोटऱ्या सतत शिंतोड्यांत आणि वाऱ्यात. सी-कयाकमध्ये कमरेखालचं अंग डेकच्या आत, स्प्रे-डेकनं झाकलेलं आणि कोरडं राहतं. थंडीत हा फरक दर मिनिटाला जाणवतो.

दुसरी गोष्ट अडकण्याची. मागच्या हिवाळ्यात दोंडाईच्याकडचा एक जण पंख्याच्या पायडलची कयाक घेऊन आमच्याकडे आला होता. सारंगखेड्याच्या बाजूनं वारा छान पाठीवर होता, गडी जोरात निघाला आणि भोयांनी टाकलेल्या जाळ्यावर गेला. तंगूस, म्हणजे जाळ्याचा नायलॉनचा दोरा, पंख्याच्या दांड्याभोवती अशी गुंडाळली की पायडल जागच्या जागी थिजलं. ड्राइव्ह वर ओढायचं तर जाळ्याचा ताण खाली. खाली वाकायचं तर कयाक कलते. शेवटी पोटावर पालथा पडून, एक हात खांद्यापर्यंत पाण्यात घालून, चाकूनं एकेक फेरा कापत बसला. ज्याचं जाळं होतं तो म्हातारा भोई डोंगीतून आला, शांतपणे बघत राहिला, आणि सगळं झाल्यावर म्हणाला, "भो, वल्हं कुठं शे तुनं?" वल्हं मागे ताणाच्या रबरी दोरीनं बांधलेलं होतं, घडी घातलेलं, एवढ्या वेळात त्याला त्याची आठवणही झाली नव्हती. जाळ्याचे पैसे दिले आणि प्रकरण मिटलं. तुझ्याकडे तंगूसच्या जागी केल्प नावाचं लांब पट्ट्यांचं समुद्री शेवाळ आहे, बोटींचे दोर आहेत, आणि फियॉर्डच्या आतल्या टोकाला हिवाळ्यात बर्फाचा पातळ लगदा. पंख लवचीक असतात, ते शेवाळातून पंख्यापेक्षा बरे निसटतात. पण अडकलं तर खांद्यापर्यंत हात ५ अंश पाण्यात घालून चाकू चालवायचा आहे, हे डोक्यात ठेव.

मोटरबद्दल आधी उष्णतेचं सांगून झालं. राहिला वेग. लोकांना वाटतं, दुप्पट ताकदीची मोटर म्हणजे दुप्पट वेग. पाण्यात चालणाऱ्या नावेची स्वतःची लाट तिला अडवते, आणि ती अडवणूक नावेच्या पाण्यातल्या लांबीवर ठरते. बारा फुटी कयाक ताशी साडेआठ किलोमीटरच्या आसपास या मर्यादेला टेकते; त्यापुढे कितीही वॅट ओत, नाक वर उचललं जातं आणि बॅटरी रिकामी होते. आरामात वल्हवणारा माणूस ताशी पाच-सहा किलोमीटर जातोच. म्हणजे मोटरनं मिळतं ते वेगात थोडं, श्रमात पुष्कळ. टॉर्कीडोसारख्या कंपन्यांची कयाकसाठीची ४०० वॅटची मोटर चांगली असते, हलकी असते, तक्रार नाही. पण पूर्ण जोरात ४०० वॅट ओढणारी मोटर ९०० वॅट-तासांची बॅटरी सव्वादोन तासांत संपवते, आणि थंडीत बॅटरी तेवढंही देत नाही. लिथियम बॅटरी शून्याखाली चार्ज करायची नाही, आतून कायमची खराब होते. रात्री गाडीत किंवा बाहेरच्या शेडमध्ये राहिलेली असेल तर घरात आणून खोलीच्या तापमानाला येऊ दे, मग लाव.

मोटर लावणाऱ्यासाठी माझा नियम एकच: वल्ह्यानं परत येता येईल तेवढंच लांब मोटरनं जायचं. वाऱ्याविरुद्ध, भरती-ओहोटीच्या ओढीविरुद्ध, मोटरचं आणि बॅटरीचं वजन अंगावर घेऊन. हा नियम ऐकून बरेच जण मोटर घेतच नाहीत. तुझ्या भागात याला आणखी एक कारण आहे: फियॉर्डच्या भिंती कित्येक किलोमीटर सरळ पाण्यात उतरतात, कयाक वर ओढायला जागा नसते. तापीत मोटर बंद पडली तर तू काठाच्या केळीच्या मळ्यात उतरून चहा पिशील. तिथे कड्याखाली तरंगत राहशील आणि डोंगरावरून उतरणारा वारा तुला मधोमध नेईल.

शिडाचं थोडक्यात. डेकवर उभं राहणारं छोटं शीड पाठवाऱ्यात फार मजा देतं. हिवाळ्यात सारंगखेड्याहून प्रकाशाकडे पूर्वेचा वारा असला की आम्ही उघडतो. हान्स लिंडेमान हा जर्मन डॉक्टर १९५६ मध्ये शीड लावलेल्या घडीच्या कयाकमधून अटलांटिक पार करून गेला, ७२ दिवसांत. पण तो उबदार पाण्याचा मार्ग होता. थंड पाण्यात शीड म्हणजे उलटण्याचं एक नवं कारण, आणि उलटल्यावर भिजलेलं शीड रोल मारू देत नाही. दोन-तीन मोसम झाले, रोल पक्का झाला की मग बघ.

तुझा खांदा. वल्हवण्यानं खांदा दुखतो त्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं, दंडानं ओढणं. वल्हं पाण्यात रोवायचं, कमरेपासून धड वळवायचं आणि त्याच बाजूचा पाय फूटपेगवर (आतल्या पाय टेकवायच्या खुंटीवर) दाबायचा. जोर पायातून, पोटातून येतो, हात नुसते दुवा. वरचा हात कधीही खांद्याच्या वर जाऊ द्यायचा नाही, विशेषतः ब्रेस करताना. खांदा निखळतो तो तिथे. अरुंद पात्याचं ग्रीनलंड वल्हं वापरून बघ. ते पाण्याला एकदम घट्ट धरत नाही, हळूहळू धरतं, सांध्याला झटका बसत नाही, आणि वाऱ्यातही कमी फडफडतं. क्लबात कुणाकडे तरी घरी तासलेलं नक्की असेल. हे सगळं करूनही दुखत राहिलं तर फिजिओथेरपिस्टला दाखव. आणि त्यानं स्पष्ट नाही म्हटलं तर पायडलची कयाक हा तुझ्यासाठी पहिला पर्याय होतो. मग उन्हाळ्यात, काठापासून जवळ, जोडीदारासह, आणि वल्हं घडी घालून मागे न बांधता हाताशी.

पैसे कुठे घालायचे याचा माझा क्रम दुकानदाराच्या उलटा आहे. आधी ड्रायसूट. मनगटाला आणि मानेला लॅटेक्सचे कफ असलेला, आत लोकर घालता येईल असा. पाण्याला हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगानं उष्णता वाहून नेता येते; ड्रायसूट तुझ्या आणि त्या पाण्याच्या मध्ये हवेचा थर ठेवतो, त्यामुळे मधली दहा मिनिटं लांबतात. तो घालून एकदा काठाशी, सोबत कुणी असताना, मुद्दाम पाण्यात जा. अंगाला पहिल्या झटक्याची ओळख व्हायला हवी, आणि कफ गळत असेल तर तेही तिथेच कळतं. मग शिक्षण: नॉर्वेत वॉटकोर्ट नावाची पायऱ्यापायऱ्यांची पद्धत आहे, त्यातला समुद्राचा प्राथमिक कोर्स कर, त्यात उलटणं आणि सोडवणं शिकवतात. मग पोगी, पंप, फ्लोट, आणि पाण्यात भिजला तरी चालणारा व्हीएचएफ रेडिओ, त्यावर मदत मागायचं चॅनेल १६ कसं लावायचं एवढं माहीत असू दे. रेडिओ लाइफ जॅकेटला बांधलेला, कयाकला नाही. उरलेल्या पैशात जुनी कयाक. सी-कयाक पंधरा-वीस वर्षं जुनी असली तरी काही बिघडत नाही, हॅचचं (सामानाच्या कप्प्याच्या झाकणाचं) रबर आणि तळाचे चरे तेवढे बघ. लाइफ जॅकेटबद्दल वेगळं सांगत नाही, कारण १ मे २०१५ पासून तिथे आठ मीटरपेक्षा छोट्या नावेत चालू असताना ते अंगावर असणं कायद्यानंच बंधनकारक आहे. आपल्याकडे अजून लोक ते बुडाखाली घेऊन बसतात.

मे-जूनची एक गोम तेवढी सांगतो, नवखे तिथेच फसतात. ऊन लख्ख, हवा २० अंश, लोक अर्ध्या चड्डीत कयाक काढतात. त्याच वेळी डोंगरावरचा बर्फ वितळून ते पाणी फियॉर्डच्या वरच्या थरात येत असतं. आतल्या टोकाला पाणी मार्चइतकंच थंड लागतं. कपडे पाण्याकडे बघून घालायचे, आभाळाकडे बघून नाही.

वडिलांचं म्हणशील तर त्यांना जुलैच्या शेवटी किंवा ऑगस्टात बोलाव, पाणी तेव्हा त्यातल्या त्यात बरं असतं. ते साठीच्या आसपास असतील असं धरतो. आधी त्यांचा रक्तदाब आणि हृदय तिकडे निघण्यापूर्वी शहाद्यातच दाखवून घे, कारण थंड पाण्याचा पहिला झटका तरुणाच्या श्वासावर येतो तसा वयस्कर माणसाच्या हृदयावर येतो. डॉक्टरांनी हरकत घेतली नाही तर भाड्यानं दोन माणसांची कयाक आणि त्यांच्या मापाचा ड्रायसूट घे, ते पुढे, तू मागे. पायडलची नको, गुडघे कुरकुरत असतील तर त्यात आणखी भर. त्यांच्याही हातात वल्हं दे, मारलं नाही तरी चालेल, पण हात गुंतलेले राहतात आणि अंग गरम राहतं. वारा नसलेली सकाळ, काठापासून दगड टाकला तर पोचेल एवढंच अंतर, तासाभरात परत. डॉक्टरांनी हरकत घेतली, तर फेरीबोटीचं तिकीट काढ. वरच्या डेकवर बसून तेच फियॉर्ड दिसतं, आणि खाली गरम कॉफी मिळते.